अर्धा स्वर

आमच्या गावात धुकं ऑक्टोबरात येतं आणि मार्चपर्यंत हलायचं नाव घेत नाही. पो नदी कुठे संपली आणि रस्ता कुठे सुरू झाला हे पायांनाच विचारावं लागतं. नाटकघराच्या दारातूनही ते आत शिरतं आणि दगडी जिन्यावरून आमच्याबरोबर वर चढतं. पडदा उघडल्यावर रंगमंचावर जो निळसर धूर दिसतो, तो आम्हीच कोटांना चिकटवून आणलेला असतो असं मला कायम वाटत आलंय. आम्ही म्हणजे सज्जावाले. नाटकघरात अगदी वर, छताला डोकं लागेल अशा जागी लाकडी बाकं आहेत. खाली मखमली खुर्च्यांत डॉक्टर, वकील आणि त्यांच्या बायका बसतात. त्यांना ऑपेरा दिसतो आणि आम्हाला तो ऐकू येतो, असं माझा नवरा म्हणतो.

माझा नवरा एर्मेते. चीजच्या वखारीत त्याने उभा जन्म काढला. छोट्या हातोडीने चीजची भलीमोठी चाकं ठोकायची आणि आत भेग आहे की नाही ते आवाजावरून सांगायचं, हे त्याचं काम. कान देवाने दिलेला, आणि नुसता चांगला नव्हे, पक्का. पेल्यावर चमचा आपटला तरी सांगणार, हा दो-रे-मी-फा-सोल-ला यांतला सोल आहे, पण जरा उतरलेला. लग्नाच्या पहिल्या रात्री पलंग करकरला तर म्हणाला, "रे." मी तेव्हा हसले आणि पुढे जन्मभर ऐकून घेतलं. माझे कान साधे. गाणं आवडलं की नाही एवढंच मला कळतं, आणि उंच स्वर आला की सगळ्यांच्या पोटात पडतो तसा माझ्याही पोटात खड्डा पडतो.

त्या खड्ड्यासाठीच तर आम्ही इतके जिने चढतो. आमच्या गावच्या एका जुन्या संगीतकाराने आयुष्यात एकच ऑपेरा लिहिला, नावाड्याच्या लेकीचा. दर नोव्हेंबरात तो आमच्याकडे होतो आणि आमच्याखेरीज कुठेही होत नाही. ती मुलगी नदीत बुडते आणि शेवटच्या प्रवेशात पाण्याखालून बापाला हाक मारते. सोबतीला एक बासरी असते. बाई आणि बासरी एकमेकींच्या मागे लागतात, चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. शब्द केव्हाच सुटलेले असतात, उरलेला असतो नुसता आ. आणि सगळ्यात शेवटी, बासरीलाही खाली ठेवून, वरचा फा.

झोका टोकाला गेला की खाली यायचं विसरल्यासारखा क्षणभर थांबतो ना, तसा तो फा. तो चालू असेपर्यंत सज्जात कुणी श्वास घेत नाही. मला त्या वेळी कधी पुरात वाहून गेलेलं आमचं कुरण दिसतं, कधी माहेरचं धुतलेलं अंगण, कधी काहीच नाही, नुसता पांढरा उजेड. आपण कुणाच्या कोण, आपलं वय काय, घरी चुलीवर काय ठेवून आलो, काही आठवत नाही. मग स्वर संपतो, माणसं श्वास सोडतात, आणि पायाखाली पुन्हा त्याच फळ्या असतात.

आता हा फा प्रत्येकीला येतो असं नाही. जिला येत नाही तिच्यासाठी एक युक्ती आहे. शेवटचा प्रवेश आख्खाच्या आख्खा अर्धा स्वर खाली उतरवून घ्यायचा, वाद्यंही तशीच वाजवायची. मग फाच्या जागी त्याच्या लगेच खालचा 'मी' हा स्वर येतो, आणि साध्या कानाला काडीचा फरक कळत नाही. खालच्या मखमलीला तर नाहीच नाही. पण वर एर्मेते बसलेला असायचा. तो उठून दोनच शब्द बोलायचा, "अर्धा स्वर." ओरडायचाही नाही. त्याच्या शेजारी बसणारा वास्को खाटीक, ज्याची हाक नदीपलीकडे जाते, तेच शब्द गरजून सांगायचा आणि सगळा सज्जा शिट्ट्या मारायला लागायचा. आमच्याकडे नाटकघरात शिट्टी म्हणजे शिवी. मिलानहून आलेली एक नामांकित बाई बुडालेल्या मुलीच्या वेशातच मागच्या दाराने जी गेली, ती पुन्हा या बाजूला फिरकली नाही.

मला ते आवडायचं असं नाही. पण नवऱ्याचा गावभर असा दरारा असला की बायको जरा ताठ चालते, हेही खरं.

हे सगळं घडलं त्या वर्षी ईस्टरच्या दिवशी एर्मेते चर्चमधून तणतणत घरी आला. पाद्र्याने घंटा बदलली म्हणे, कुणाला न विचारता. जुनी बरोबर ला वाजायची, ही चढलेली आहे. नंतर शेजारच्या पोरीचा अकॉर्डियन चढला. मग रेडिओ चढला. मग आमचा तो पेलासुद्धा. सगळ्या जगाला कसली घाई झालीय, जो तो वर चढून बसलाय, अशी त्याची दिवसभर कुरकुर. मी म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय. पण मनात किडा वळवळायला लागला होता.

माझ्याच कानात मळ झाला म्हणून मी पार्माला डॉक्टरकडे गेले, तेव्हा जाता जाता विचारलं की आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांना असं असं होतं. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधी कधी. ज्यांना जन्मजात पक्का कान असतो त्यांचं वय झालं की कान सरकतो. सगळे स्वर वर ऐकू यायला लागतात, कुणाला अर्धा, कुणाला जास्त. औषध नाही. बाकी ऐकू छान येतं, तेव्हा शेजाऱ्यांना म्हणावं काळजी करू नका.

शेजाऱ्याला मी काही सांगितलं नाही. बसमधून घरी येताना मी ठरवून टाकलं की हे त्याला माझ्या तोंडून कधीही कळणार नाही. वखार सुटली होती, गुडघे गेले होते, दारू डॉक्टरने बंद केली होती. माणसाकडे एवढा एक कान उरला होता. तो गेला म्हणून सांगायचं आणि मग समोर बसून सूप वाढायचं, हे मला जमणारं नव्हतं. उलट मीच थाप मारली की पाद्र्याने घंटेत नवा लोलक बसवलाय. तो खूश झाला. म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं?

आणि त्या नोव्हेंबरात लेदा आली.

लेदा आमच्याच गावची, पोस्टमनची मुलगी. चर्चच्या गायनात एर्मेतेने तिचा आवाज हेरला आणि आमच्या स्वयंपाकघरात हार्मोनियमवर तिला स्वर शिकवले. पुढे ती व्हिएन्नात गायली, हांबुर्गला गायली, वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. पण नावाड्याची लेक तिने आजवर गायली नव्हती. आपल्या गावात, आपल्या सज्जासमोर उभं राहायची भीती वाटते असं ती दर वेळी सांगायची. आता चाळिशी उलटून पुष्कळ वर्षं झाली होती. या वर्षी नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिने होकार कळवला. एकच खेळ, रविवारी दुपारी.

खेळाच्या आधी ती घरी आली तेव्हा एर्मेते पत्ते खेळायला गेला होता. मी गरम गरम पुऱ्या तळल्या आणि डुकराच्या मांसाची सलामी कापली. नेहमीसारखी ती पुरीवर तुटून पडली नाही. तिने पुरी हातात धरली आणि निवू दिली. मग सगळं सांगितलं. फा कधी येतो, कधी येत नाही. यायचा असला की आधीच मानेत मागे गार वाटतं. यायचा नसला की घसा तोंडावर दार लावून घेतो. वाद्यवृंदाच्या संचालकाने शेवटच्या प्रवेशाचे कागद दोन्ही तऱ्हेने करून ठेवले होते, मूळ आणि उतरवलेले. मध्यंतरात त्याला सांगायचं होतं, हे की ते.

"जगात कुठेही शिट्ट्या खाईन, आर्जिया मावशी," ती म्हणाली. "इथे नाही. मास्तरांच्या तोंडून नाही."

मी हात पुसले. कितीतरी वेळ पुसत होते बहुतेक.

"लेदा, तू उतरवून गा. खुशाल गा. तो उठणार नाही."

"उठतील. मास्तरांना आपण ओळखत नाही का?"

मग मी तिला सगळं सांगितलं. की त्याचा कान अर्धा स्वर वर सरकलाय. की तू खालचा 'मी' लावलास तर त्याला फा ऐकू येईल, आणि त्याच्याइतका आनंद साऱ्या नाटकघरात कुणाला होणार नाही.  लेदा हसायला लागली, इतकी की पुरी हातातून पडली. मग डोळे पुसायला लागली ते पुसतच राहिली.

"बिचारे मास्तर," ती म्हणाली.

"बिचारा म्हणालीस तर पुऱ्या परत घेईन," मी म्हटलं. "आणि हे त्याला कळता कामा नये. ना तुझ्याकडून, ना माझ्याकडून."

रविवारी धुकं इतकं दाट होतं की नाटकघराचे दिवे पुढ्यात येईपर्यंत दिसले नाहीत. आत माणसांची गर्दी, ओल्या लोकरीचा वास, वास्कोची लाल दारूची बाटली हातोहात फिरतेय. मला तर सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. वाद्यं सुरू झाली मात्र, एर्मेते ताडकन ताठ झाला.

"चढवलंय," तो माझ्या कानात म्हणाला. "अर्धा स्वर चढवलंय सगळं. मारायला निघालेत पोरीला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कान सरकला तर बाईबरोबर वाद्यंही सरकणार, साधी गोष्ट. पहिला अंक झाला, दुसरा झाला, लेदा छान गात होती, लोक खूश होते, आणि हा कपाळाला ही मोठी आठी घालून, मुठी आवळून बसलेला. तिच्या प्रत्येक तानेला त्याचे खांदे वर उचलले जायचे, जणू खालून तो तिला हात देत होता.

मध्यंतरात मी म्हटलं, "शेवटच्या प्रवेशाला उतरतील खाली."

"का उतरतील?" त्याने वळून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

मी जीभ चावली आणि त्याच्या हातात सलामीचा तुकडा दिला.

पडदा उघडला. निळा धूर, आणि धुरात लेदा, केस मोकळे. बासरी सुरू झाली. मी रंगमंचाकडे पाहिलंच नाही, एर्मेतेच्या कपाळाकडे पाहत राहिले. वाद्यं उतरलेली असतील तर त्याला ती आता बरोबर ऐकू येणार, आणि ती आठी सैल पडणार. पडली नाही. उलट खोल गेली.

"अजून वरच आहेत," तो पुटपुटला. "अगं, पोरीला झेपणार नाही."

म्हणजे वाद्यं उतरलीच नव्हती. लेदाने मूळचे कागद घेतले होते. नंतर तिने मला सांगितलं की, भीतीच उरली नाही मावशी, आणि भीती नाही म्हटल्यावर मानेत गार वाटायला लागलं. मी दिलेल्या आधाराचं तिने हे केलं.

मग मीही कपाळ बघायचं विसरले. ती बापाला हाक मारत होती. बासरी पुढे, ती मागे, ती पुढे, बासरी मागे, पाण्यावर उन्हाचे कवडसे फुटतात तसे स्वर फुटत होते आणि विझत होते. नाटकघर हलकं झालं. खालच्या खुर्च्या, दिवे, वास्कोचं टक्कल, सगळं हळूहळू तरंगत वर यायला लागलं. बासरी थांबली. ती एकटीच वर गेली. आणि तिथे थांबली.

किती वेळ ते मला विचारू नका. मी तिथे नव्हते.

परत आले तेव्हा एर्मेते उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, लहान मुलासारखा. आणि आजवर कधी नाही तो ओरडला, "अर्धा स्वर!"

वास्कोने जन्मभर जे केलं तेच केलं. छाती भरून घेतली आणि गरजला, "अर्धा स्वर!" बाकांवरून पहिली शिट्टी आली, दुसरी आली, मग सगळा सज्जा फुटला. खालची मखमल वर बघायला लागली आणि तिनेही कुजबुजायला सुरुवात केली. एर्मेतेला काही कळेना. तो हात वर करून करून सांगत होता, "वर! अर्धा स्वर वर!" पण त्याचा आवाज त्याच्या हनुवटीपर्यंतही पोचत नव्हता. लेदा धुरात उभी होती. तिने मान वर करून आमच्या दिशेला पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच माणसाने आपलं घर परस्पर विकलं असावं, तसा तो चेहरा होता.

सगळ्या नाटकघरात एर्मेते खरं का ओरडला ते एकट्या मला माहीत होतं. गप्प बसले असते तर एर्मेतेचा कान शाबूत राहिला असता. गावाने म्हटलं असतं, म्हाताऱ्याने आपल्या शिष्येलाही सोडलं नाही. त्याचा दरारा दुप्पट झाला असता. आणि लेदा मागच्या दाराने धुक्यात गेली असती.

मी बाकावर चढले. आजवर सज्जात मी एक शब्द बोलले नव्हते.

"गप्प बसा," मी म्हटलं. "वास्को, आधी तू. फा होता तो. खरा फा."

"आर्जिया, उतर खाली," वास्को म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही कळत. पण ह्याला सगळं अर्धा स्वर वर ऐकू येतंय. डॉक्टरने सांगितलंय मला. पोरीने फा लावला आणि ह्याला त्याच्या वरचा ऐकू आला. हा तिला शाबासकी देतोय, गाढवांनो, आणि तुम्ही शिट्ट्या मारताय."

एकेक करत शिट्ट्या थांबल्या. एर्मेतेने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याने बघवलं नसतं. खालून संचालकाने बासरीवाल्याला खूण केली. बासरीवाल्याने एक स्वर वाजवला, लांब, साधा, काही नक्षी न काढता.

"काय आहे, एर्मेते?" मी विचारलं.

तो ऐकत राहिला. चीज ठोकताना मान तिरकी करायचा तशी मान तिरकी केली.

"फाच्या वरची काळी पट्टी," तो म्हणाला.

बासरीवाल्याने बासरी खाली घेतली. "फा आहे, मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

एर्मेते खाली बसला. सगळा सज्जा आपापल्या बुटांकडे बघत होता. मीही बाकावरून उतरून त्याच्या शेजारी बसले.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"ईस्टरनंतर."

"हं," तो म्हणाला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, टोपी काढली आणि वास्कोच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग त्यांना, माझा आवाज पोचत नाही. फा होता. चूक एर्मेतेच्या कानाची. आणि तिला म्हणावं, मास्तर विचारतायत, पुन्हा गाशील का?"

वास्कोने सांगितलं, शब्दन् शब्द. सांगताना त्याचा तो नदीपलीकडे जाणारा आवाज मध्येच चिरकला. खाली लेदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले आणि बासरीवाल्याकडे बघून मान हलवली.

आठी आता नव्हती. एर्मेतेने डोळे मिटून घेतले होते. बासरी सुरू झाली, ती मागून आली, पुन्हा सगळं नाटकघर पाण्याखाली गेलं आणि पुन्हा दिवे तरंगायला लागले. या वेळी मी घट्ट त्याचा हात धरून ठेवला होता, म्हणून की काय, वर गेले तरी फार लांब गेले नाही. ती टोकाला पोचली, थांबली, आणि उतरली. मग जो गजर झाला त्यात छताचा चुना आमच्या डोक्यांवर पडला.

त्या गोंगाटात एर्मेते माझ्या कानाशी आला.

"तुला काय ऐकू आलं?"

जन्मात पहिल्यांदा त्याने मला हे विचारलं. माझ्या साध्या कानांना काय ऐकू येणार? पण बासरीवाल्यावर माझा विश्वास होता.

"फा," मी म्हटलं.

"बिचारी," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर घातली. "मला त्याच्याही वरचा ऐकू आला."